पोटाखालचा पर

लिग्नाच, २८ सप्टेंबर २००८

तास्या,

मार्फा नर्सबरोबर सोमवारच्या हेलिकॉप्टरने तुला माशांच्या पोटपट्ट्या पाठवल्या आहेत. चांगल्या तीन दिवस धुरात होत्या. मार्फाला वाटेत भूक लागते, म्हणून पुडकं दोन गाठींनी बांधलंय. पोचलं की कळव.

पुडकं गेलं सोमवारी आणि बुधवारी मासेखात्याचा इन्स्पेक्टर दारात उभा. गेर्मान लुकिच त्याचं नाव. उन्हाळ्यातच बदली होऊन आलाय. त्याच्या मुलखात नदी आहे म्हणे, पण मासे बाजारात मिळतात. मी धुरीच्या खोपट्यात होते. तो वाकून आत आला, डोळे चोळले, टांगलेले नऊ मासे मोजले आणि म्हणाला, "आजी, या मिकिझा आहेत."

मी म्हटलं, "आजी तुझ्या घरी. मी अग्राफेना इनोकेन्तिएव्ना."

"बरं, अग्राफेना इनोकेन्तिएव्ना, या मिकिझा आहेत. सरकारी लाल पुस्तकातला दुर्मिळ मासा. याला हात लावायलासुद्धा बंदी आहे."

"कशावरून म्हणतोस?"

"पाठीवर ठिपके आहेत."

परवान्यावर रोज धरतो त्या किझुचच्या पाठीवर ठिपके नसतात, हे मला साठ वर्षं मासे कापल्यावर बुधवारी समजलं. मग विचारतो, "डोकी कुठे आहेत?" आता शरदातल्या पहिल्या जाळ्याची डोकी आपण कधी ठेवली आहेत का? ती नदीला परत जातात, तोंडं वरच्या अंगाला करून, म्हणजे मागच्यांना वाट कळते. हे त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, 'ओळख पटू नये म्हणून आरोपीने डोकी नष्ट केली.' साक्षीला शेजारच्या प्रोकोपीला बोलावलं. तो नेमका त्या दिवशी शुद्धीवर होता. धुरात मला अक्षर दिसत नव्हतं, त्याने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा मला कळलं काय लिहिलंय ते.

मी सही केली नाही. नऊ मिकिझा! माझ्या एका जाळ्यात नऊ मिकिझा आल्या असत्या, तर मी स्वतः गावभर सांगत फिरले असते.

तो मासे पोत्यात भरून, सील लावून घेऊन गेला. गुन्हा सिद्ध झाला तर आपली नदीच्या वळणावरची जाळ्याची जागा जाईल. मग ती कुणाला मिळेल ते सांगायला नको. वरच्या अंगाला परदेशी पाहुण्यांसाठी मासेमारीचा तळ काढलाय, त्याचा मालक दोन वर्षं त्या वळणाकडे डोळा लावून बसलाय. माझ्या आजीने तिथे जाळं टाकलं, आईने टाकलं, तुझ्या बापाने शेवटचं तिथेच टाकलं. मी जिवंत असताना तिथे पाहुण्यांच्या खुर्च्या लागणार नाहीत.

तू सरकारी प्रयोगशाळेत माशांचीच नोकरी करतेस. त्यांना सांग हा मासा कुठला ते.

आत्या

*

पेट्रोपाव्लोव्स्क, ९ ऑक्टोबर २००८

प्रिय आत्या,

पुडकं पोचलं. कामाच्या गडबडीत अजून सोडलेलं नाही, बाल्कनीत थंडीत टांगून ठेवलंय. मार्फाने गाठींना हात लावलेला दिसत नाही.

आत्या, रागावू नकोस, पण तू सही करून टाक. मी इथे एका वकील बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, वय, पहिलाच गुन्हा, आदिवासी बाई, चूक कबूल केली की न्यायालय सौम्य होतं. भांडत बसलीस तर प्रकरण वाढेल. नऊ मासे म्हणजे फौजदारी आहे, हे तुला त्याने सांगितलं का?

आमच्या प्रयोगशाळेचं मत त्यांच्याकडे गेलंय असं कळलं. कुणीतरी वरिष्ठांनी दिलं असणार. माझ्या हातात त्यातलं काही नाही. आणि खरं सांगायचं तर नुसत्या फोटोवरून किझुच आणि मिकिझा वेगळे करणं सोपं नसतं. डोकं नाही, तोंड नाही, धुराने कातडी काळवंडलेली. चूक कुणाच्याही हातून होऊ शकते.

जागेचं काय करायचं ते नंतर बघू. अर्ज करता येतो. तू आधी सुखरूप राहा. रक्तदाबाच्या गोळ्या घेतेस ना?

तुझी तास्या

*

लिग्नाच, २१ ऑक्टोबर २००८

तैसिया मित्रोफानोव्ना यांस,

गोळ्या घेते.

मी तुला पत्रात फोटोचं काही लिहिलं नव्हतं. इन्स्पेक्टरने फोटो काढले हे मलाच माहीत नव्हतं, खोपट्यात एवढा धूर होता. तुझं पत्र वाचलं तेव्हा वाटलं, असेल, शहरात सगळ्यांना सगळं कळत असेल. मग परवा जिल्ह्याहून माझ्या प्रकरणाची नक्कल आली. प्रोकोपीने चष्मा लावून वाचली. पान सहा, तज्ज्ञाचे मत, 'छायाचित्रातील नऊही नमुने मिकिझा जातीचे आहेत.' खाली सही. प्रोकोपी म्हणाला, "ग्रूशा, ही सही ओळखीची वाटते." मला वाचता येत नाही एवढं काही झालेलं नाही. 'त'च्या शेपटीला जो फाटा देतेस तो तू सातवीपासून देतेस. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही करताना सुद्धा द्यायचीस, म्हणून पकडली जायचीस.

कुणीतरी वरिष्ठांनी दिलं असणार, असं लिहिलंस. हे वाचून मी भांडी घासली, लाकडं फोडली, कुत्र्यांना खायला घातलं. तरी राग गेला नाही. अजून गेलेला नाही.

तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. मी तुला बाकी काही शिकवू शकले नाही, पण मासा शिकवला. पोटाखालून हात शेपटीकडे न्यायचा. शेपटीच्या जरा अलीकडे जो पर लागतो, त्याच्या बुडाशी चार बोटं आडवी बसली तर किझुच. तीनच बसली तर मिकिझा. तुझी बोटं एवढीशी, म्हणून तू त्या पराच्या आतल्या काड्या मोजायचीस. "आत्या, चौदा. आत्या, पंधरा." मिकिझाच्या बारावर कधी गेल्या नाहीत. ते मोजता मोजता तू शहरापर्यंत गेलीस. आणि आता एका फोटोवर नऊ माशांचा निकाल लावतेस, ज्यात तो पर दिसतच नाही.

दिसणार कसा? आपल्या घरच्या कापणीत पोटाची पट्टी त्या परासकट निघते. बाकी गाव पर पाठीला ठेवतं, आपण पट्टीला ठेवतो. टांगलेल्या माशांना पर नव्हतेच. ते तुझ्या बाल्कनीत आहेत.

पुडकं सोड आणि मोज.

अग्राफेना इनोकेन्तिएव्ना

*

पेट्रोपाव्लोव्स्क, ६ नोव्हेंबर २००८

आत्या,

सही माझी आहे.

कसं झालं ते सांगते, माफीसाठी नाही. शुक्रवार होता. आमचे प्रमुख वेनियामिन ल्वोविच सतरा कागद घेऊन आले आणि म्हणाले, "तैसिया, इन्स्पेक्टरने ओळखलेलंच आहे, आपण फक्त दुजोरा द्यायचा." कागदावर गावाचं नाव नव्हतं, प्रकरणाचा नंबर होता. धुरकट फोटो, ठिपके दिसत होते. मी डोळे झाकून सही केली. तुझं पत्र आलं तेव्हा जिल्ह्याला फोन करून नंबर ताडून पाहिला. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. मी घाबरले. तू एका कागदाला नकार दिलास आणि मी सतरा कागदांवर सह्या केल्या, हे तुला कसं लिहावं ते कळेना.

काल पुडकं सोडलं. दिव्यासमोर धरून एकेक पट्टी मोजली. चौदा, पंधरा, चौदा, चौदा, तेरा, पंधरा, पंधरा, चौदा. आठही किझुच. दोनदा मोजल्या.

मी न्यायालयाला लिहिणार आहे की माझं मत चुकलं, सगळे मासे किझुच आहेत. वेनियामिन ल्वोविचना अजून सांगितलेलं नाही. प्रयोगशाळेने दिलेलं मत मागे घेतल्याचं इथे कुणाला आठवत नाही. आता राहील आठवणीत.

तू जिंकशील. जागा कुठे जात नाही.

तास्या

*

लिग्नाच, १९ नोव्हेंबर २००८

तास्या,

सहीबद्दल लिहिलंस ते बरं केलंस. राग अर्धा झाला.

पण मी नऊ पट्ट्या बांधल्या होत्या. इन्स्पेक्टरने नऊ मासे नेले. नऊ माशांना नऊ पोटं असतात. मार्फाला मी आज दवाखान्यात जाऊन विचारलं, "तू एक खाल्लीस का?" ती चिडली. म्हणाली, "तुझ्या गाठी सोडायला मला कात्री लागली असती." तिच्यावर माझा विश्वास आहे, कारण खाल्लं असतं तर तिने चव सांगितली असती.

तेव्हा पुन्हा मोज.

आता माझं ऐक. मी तुला पहिल्या पत्रात एक गोष्ट सांगितली नाही. खोटं काही लिहिलं नाही, फक्त सांगितली नाही. त्या सकाळी जाळं ओढलं तेव्हा आठ किझुच होते आणि एक मिकिझा. हाताला कळलं, तीन बोटं. कल्ल्यांत दोरी अडकून मेली होती, डोळा पांढरा झाला होता. जिवंत असती तर तिला शेपटीने धरून नदीत सोडली असती, आजवर कितीदा सोडली आहे. कायदा म्हणतो, मेलेली असली तरी पाण्यात टाकून द्या. सीगलनी डोळे काढावेत म्हणून? आपल्या घरात असं कुणी केलेलं नाही. नदीने दिलेलं फेकायचं नसतं, ते खायचं. मी तिला कापली, तिचंही डोकं नदीला दिलं, आणि टांगली.

गेर्मान लुकिचने मला एका माशाबद्दल विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्याने नऊ म्हटलं. नऊ माझ्या नाहीत.

प्रोकोपीला वाटतं मी वेडी आहे. तो म्हणाला, "ग्रूशा, नऊ म्हणताहेत ना, तू शून्य म्हण. मध्ये कुणी भेटत नाही." मी त्याला म्हटलं, "तू नदीवर कधी खरं बोलला आहेस का, की तुला त्याची चव माहीत असेल?" त्यावर तो चहा न पिता निघून गेला.

मोज आणि लिही.

आत्या

*

पेट्रोपाव्लोव्स्क, २ डिसेंबर २००८

आत्या,

नववीत अकरा काड्या आहेत. सगळ्यांत आधी तीच मोजली होती.

ती बाल्कनीत वेगळी गुंडाळून ठेवलीय. कुत्र्यांना टाकणार होते. रोज सकाळी ठरवते आणि संध्याकाळी ती तिथेच असते.

मला ओरड, पण माझं ऐक. लाल पुस्तकातला एक मासा सुद्धा गुन्हाच असतो. वकील बाई म्हणाल्या, एक असेल तर काय होईल ते त्या न्यायाधीशाच्या मनावर आहे, पण 'सगळे किझुच' असेल तर प्रकरणच उरत नाही. पट्टी फक्त मी पाहिली आहे. मासा वाळलेला आहे, डोकं नाही, पर नाही. जगात कुणालाही सिद्ध करता येणार नाही. तू फक्त गप्प बस. तू आधीही गप्पच होतीस.

जागा गेली तर तू काय करशील? शहरात माझ्या दोन खोल्यांत येऊन बाल्कनीत बसशील? चार महिन्यांत मरशील. मला तुला मरू द्यायचं नाही, एवढंच आहे यात. मला दुसरं माणूस नाही.

वेनियामिन ल्वोविचना सांगितलं. ते म्हणाले, "मत मागे घेतलंस तर सही करण्याचा अधिकार राहणार नाही." मी म्हटलं, "ठीक आहे." तेव्हा माझं काय व्हायचं ते झालेलं आहे. निदान त्याचा तुला उपयोग होऊ दे.

तास्या

*

लिग्नाच, १४ डिसेंबर २००८

तास्या,

बर्फ खिडकीपर्यंत आलंय, हेलिकॉप्टर दोनच मिनिटं थांबणार म्हणतात. म्हणून थोडक्यात लिहिते.

त्याने न मोजता नऊ लिहिलं. तू मोजून शून्य लिहिणार आहेस. मग त्याच्यापेक्षा तू वाईट, कारण त्याला येत नव्हतं आणि तुला येतं.

मी आधी गप्प होते कारण मला विचारलं नव्हतं. आता न्यायालय विचारणार. न्यायालयात उभी राहून मी मिकिझाला किझुच म्हणाले, तर ती जागा माझ्याकडे राहून उपयोग काय? मग तिथे मी बसले काय आणि पाहुणे बसले काय.

जागा जाईल ही भीती मलाही आहे. रात्री झोप लागत नाही. पण माझी जागा मी खोटं बोलून मागणार नाही, आणि त्यांना खोटं बोलून घेऊही देणार नाही. जे माझं आहे त्याचा दंड मी देईन. आठांचा देणार नाही, मग त्यांनी मला तुरुंगात टाकलं तरी चालेल. तिथे चहा गोड देतात असं प्रोकोपी अनुभवाने सांगतो.

नऊच्या नऊ पट्ट्या सील करून न्यायालयात पाठव. आठ आणि एक, असं लिही.

आत्या

*

जिल्हा न्यायालयास
पेट्रोपाव्लोव्स्क, १२ जानेवारी २००९

महोदया,

अग्राफेना इनोकेन्तिएव्ना यांच्या प्रकरणात पान सहावर माझे मत जोडलेले आहे. ते मी मागे घेत आहे. ते मी फक्त छायाचित्र पाहून, काहीही न मोजता दिले होते. पाठीवरचे ठिपके दोन्ही जातींत असतात, त्यावरून ही ओळख ठरत नाही. ती शेपटीअलीकडच्या पोटाखालच्या परावरून ठरते. किझुचच्या परात सहसा तेरा किंवा अधिक काड्या असतात, मिकिझाच्या परात बारापर्यंत.

सोबत नऊ पोटपट्ट्या सीलबंद पाठवत आहे. त्यांतील आठ किझुचच्या आहेत. नववी मिकिझाची आहे. त्या मला जप्तीच्या दोन दिवस आधी आरोपीने घरगुती भेट म्हणून पाठवल्या होत्या. आरोपी माझी आत्या आहे. हेही मी नोंदवू इच्छिते, कारण आधीच्या मतात कुणी ते विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते.

तैसिया मित्रोफानोव्ना

*

लिग्नाच, ३ मार्च २००९

तास्या,

वादळामुळे तुझं विमान उडालं नाही, हे आम्हाला न्यायालयाच्या व्हरांड्यात कळलं. चांगलं झालं असं आता वाटतं. तू असतीस तर मी सारखी तुझ्याकडे बघत राहिले असते.

सगळं सांगते.

न्यायाधीश बाई आपल्या मार्फाच्या वयाच्या. त्यांनी तुझं पत्र वाचून दाखवलं. 'आरोपी माझी आत्या आहे' या ओळीला सरकारी वकील उठला, म्हणाला, घरच्या माणसाने घरातून पाठवलेल्या पट्ट्या, कुठल्या माशाच्या कुणास ठाऊक, या पुरावा कशा होतील? मला वाटलं, संपलं.

मग मी उठले. मी म्हटलं, "बाई, ते मासे इथे आहेत का?"

"गोदामात आहेत."

"आणा. आणि टेबलावर वर्तमानपत्रं घाला, तेल सुटतं."

सरकारी वकील हसला. बाई हसल्या नाहीत. पोतं आणलं, सील फोडलं. खोलीभर असा वास पसरला की बाहेरच्या बाकावरचे लोक दार ढकलून बघायला लागले. मी मासे ओळीने मांडले आणि तुझ्या पट्ट्या घेतल्या. माझी सुरी मी ओळखते, तास्या. एकदा हात घसरला होता तिथे खाच पडली आहे, एकाच्या कडेला कातडी ओढली गेली आहे, एकाची कड तुझ्या बापाच्या आठवणीने वाकडी गेली होती, तो त्याच्या जाण्याचा दिवस होता. एकेक पट्टी तिच्या माशाला लावली. बसली. दुसऱ्याला लावून दाखवली, बसेना. बाई खुर्चीतून उठून जवळ आल्या. पाचव्या माशानंतर त्यांनी स्वतःच पट्टी उचलून बरोबर जागी ठेवली.

मग त्यांनी गेर्मान लुकिचला बोलावलं. "मोजा," म्हणाल्या. त्याने खिडकीशी धरून मोजलं. "पंधरा." पुन्हा मोजलं. पुन्हा पंधरा. तिसऱ्या माशापर्यंत त्याचे कान लाल झाले. आठव्यापर्यंत मलाच त्याची दया आली, पण मी ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

नववा मासा टेबलाच्या टोकाला होता. बाकीच्या आठ माशांना आठ पट्ट्या लावून झाल्या होत्या, तुझ्या पत्रातली नववी कुणाच्या लक्षात नव्हती आणि सगळे निघायच्या बेतात होते. सरकारी वकील सुद्धा कागद गोळा करत होता. मीच नववी पट्टी उचलून लावली आणि म्हटलं, "हीपण मोज."

"अकरा," तो म्हणाला.

बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"जाळं ओढलं तेव्हापासून. मेलेली होती. फेकली नाही. ही माझी आहे. त्या आठ मिकिझा माझ्या नाहीत, कारण त्या नाहीतच."

प्रोकोपी मागच्या बाकावरून एवढ्या जोराने हुंदके देत होता की त्याला बाहेर नेलं. नंतर म्हणतो, धुराचा वास लागला.

एका मिकिझासाठी दंड झाला, तो मी भरीन. जागा राहिली. बाईंनी लिहिलं, मासा मुद्दाम धरलेला नाही, आणि आरोपीने स्वतः सांगितला.

निघताना गेर्मान लुकिच व्हरांड्यात आला. म्हणाला, "अग्राफेना इनोकेन्तिएव्ना, मला ते बोटांचं शिकवाल?" मी म्हटलं, "शिकवीन. पण आधी डोक्यांचं वाक्य खोड." तो म्हणाला, कागद आता न्यायालयाचा झाला, खोडता येत नाही. मी म्हटलं, "मग मी इथे बसते." आणि बसले. दुपारचं हेलिकॉप्टर गेलं. चार वाजता त्याने वेगळा कागद घेतला आणि लिहिलं, 'डोकी रिवाजाप्रमाणे नदीला दिली होती, लपवण्यासाठी नव्हे.' खाली सही केली, आत जाऊन शिक्का मारून कागद जोडून आला. मग मी त्याला हातावर हात ठेवून दाखवलं कुठली बोटं ते.

तुझं पत्र बाईंनी वाचलं, तेव्हा 'काहीही न मोजता दिले होते' इथे त्या जरा थांबल्या. मला वाटलं, हे लिहायला माझ्या पोरीला किती कठीण गेलं असेल. उरलेला राग तिथे गेला.

आत्या

*

पेट्रोपाव्लोव्स्क, ३० मार्च २००९

आत्या,

तुझं पत्र मी कार्यालयातच वाचलं आणि सगळ्यांसमोर रडले. माझं टेबल आता बरण्यांच्या खोलीत आहे. माशांची पिल्लं बरण्यांत असतात, मी नंबर लावते. सही दुसरं कुणीतरी करतं. वेनियामिन ल्वोविच जिन्यात भेटले की छताकडे बघतात. मी मात्र त्यांच्याकडे सरळ बघते. परवा त्यांच्याकडे एक धुरकट फोटो आला, तर ते बरण्यांच्या खोलीत येऊन दारातूनच म्हणाले, "यात काय दिसतंय?" मी म्हटलं, "फोटो दिसतोय. मासा पाठवायला सांगा."

ऑगस्टमध्ये मला सहा आठवडे सुट्टी आहे. मी येऊ का? तुला नको असेल तर तसं लिही.

तास्या

*

लिग्नाच, १८ एप्रिल २००९

तास्या,

विचारायचं काय त्यात? ये. माझा उजवा खांदा जाळं ओढताना दुखतो आणि प्रोकोपी नुसता सल्ला ओढतो. बूट आण, तुझे जुने उंदरांनी खाल्ले.

काल या वर्षीच्या मासेमारीचा अर्ज भरला. किती किझुच, किती केता, किती गोर्बूशा, सगळं लिहिलं. मग खाली लिहिलं, 'गेल्या शरदात एक मिकिझा जाळ्यात मेलेली आली. पुन्हा आली तर पुन्हा कळवीन आणि पुन्हा फेकणार नाही.' कार्यालयातल्या मुलीने अर्ज परत केला. म्हणाली, "आजी, मिकिझासाठी अर्जात रकानाच नाही."

मी तिच्या टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि आखला.

आत्या